जयाचा खरवस

जयाने खरवस खायचा सोडला त्याला तीन वर्षं झाली. लहानपणी हीच जया गाय व्याली की चुलीपाशी ठाण मांडून बसायची, पातेल्यावरचं झाकण दहादा उचलायची आणि आईच्या हातचे फटके खायची. आता माहेरून डबा गेला की जावई खायचे, शेजारी खायचे, जया फक्त डबा घासून परत पाठवायची. सासरच्या पाण्याने जीभ बदलली असेल, असं तिच्या आईने, आक्काबाईने, ठरवून टाकलं. माणसाला सोयीचं कारण सापडलं की ते दुसरं शोधत नाही.

आक्काबाई पुणतांब्याजवळच्या वस्तीवरची. मळा नवऱ्याचा, गोठा तिचा. बारा वर्षांत तिच्या गोठ्यात एक वासरू दगावलं नव्हतं, आणि हे ती कुणी न विचारता सांगायची. गाय व्याली की अर्ध्या तासात वासराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे, उभं राहता येत नसेल तर मांडीवर घेऊन बाटलीने पाजायचा, हा तिचा नेम. वासराचं भागून जो उरेल त्याचा खरवस.

अशा बाईने लेकीच्या बाळंतपणात काय केलं ते ऐका.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जया आली होती. सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली, सृष्टी. नर्सने बजावलं, "मावशी, बाळाला लगेच छातीशी धरू द्या. पहिलं पिवळं दूध टाकू नका. वरचं काही नको, पाणीसुद्धा नको." आक्काबाईने मान डोलावली. नर्सची पाठ वळली आणि हिने पिशवीतून मधाची बाटली काढली, बोट बुडवून नातीच्या जिभेवर टेकवलं. तिच्या सासूने तेच केलं होतं. पहिल्या तीन दिवसांचं दूध जड, लेकराला सोसत नाही, चौथ्या दिवशी पाजायचं, अशी तिच्या घरातली समजूत.

"आई, नर्सबाई तर म्हनल्या..." जया पुटपुटली.

"नर्सबाईचं लगीन तरी झालंय का? मी चार वाढवली."

दुसऱ्याच दिवशी हट्टाने तिला घरी आणलं. जयाच्या छातीतून आलेले पिवळे थेंब आक्काबाईने वाटीत पिळले आणि मागच्या दारच्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतले. पोरीला मध, गुळाचं पाणी आणि बाटली. चौथ्या दिवशी जयाची छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. पोर बाटलीला सवकलेली, छातीशी धरली की तोंड फिरवून किंचाळायची. महिन्याभरात घरात पावडरचे डबे आले. चौथ्या महिन्यात असे जुलाब लागले की पोर अठरा दिवस नगरच्या दवाखान्यात होती. वाचली, पण बाळसं धरलं नाही ते नाहीच.

जयाची सासू दगडाबाई चारचौघांत म्हणाली, "हिच्या अंगात दूधच न्हाई." आणि आक्काबाईने लेकीची बाजू घ्यायची सोडून मान हलवली. म्हणाली, "आमची जया पहिल्यापासूनच नाजूक हो." जया तिथेच उभी होती.

पुढे वर्षभराने गावची आशा सेविका मेहरीन लसीकरणाची यादी घेऊन वस्तीवर आली तेव्हा आक्काबाई नव्या वासराला चीक पाजत होती. मेहरीन उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "आक्का, चीक न्हाई पाजला तर काय व्हतं?"

"वासरू हातचं जातं की. रोगाला टिकत न्हाई. अन् गाईला तरी पान्हा कशानं फुटायचा? वासरानं वढलं तर दूध उतरतं. आदी वासराला लावायचं, मग..."

आक्काबाईचं बोलणं तिथेच राहिलं. बाटली रिकामी झाली तरी वासरू चोखत होतं. मेहरीनने नजर यादीवर ठेवली. तिने सहज विचारलं नव्हतं.

बैल गेला अन् झोपा केला, म्हणतात ते हेच. पण झोपा मात्र आक्काबाईने मन लावून केला. मेहरीनबरोबर ती घरोघर जायला लागली. नव्या आईच्या पाठीला उशी लावून द्यायची, "पोराचं पोट तुज्या पोटाला लागू दे. त्वांड मोठं उघडू दे, नुसतं बोंड नगं, काळा भाग बी तोंडात जाऊ दे," असं समजावून तासतासभर बसायची. कुठली सासू मधाची बाटली काढायला लागली की सरळ म्हणायची, "मी माज्या लेकीचा चीक शेवग्याला घातला. तुमी तसं करू नगा." तिच्या त्या एका वाक्याने वस्तीवरच्या मधाच्या बाटल्या बंद झाल्या.

तेच वाक्य जयाला मात्र तिने सांगितलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! फोन लागायचा, वाक्य ओठांवर यायचं आणि तोंडातून निघायचं, "सृष्टी जेवली का?" गेल्या दिवाळीनंतर दगडाबाई वारल्या. आक्काबाई दहाव्याला गेली, जयाशेजारी दुपारभर बसली, भाकरी थापू लागली आणि ते वाक्य न बोलताच परत आली. पुढच्या वेळी सांगू, असं एसटीत स्वतःलाच म्हणाली.

जयाला पुन्हा दिवस गेले तेव्हा तिने फोनवर एवढंच सांगितलं, "मी हितंच नगरला बाळंत व्हनार. तू दगदग करू नको." आक्काबाईला दगदगीचा अर्थ बरोबर कळला.

परवा सकाळी जावयाचा, रविराजचा फोन आला. "मामी, मुलगा झाला. दोघं बरी आहेत." आदल्याच दिवशी गाय व्याली होती. आक्काबाईने खरवसाचा डबा भरला आणि पहिली एसटी धरली. नगरच्या तारकपूर स्टँडवर उतरून रिक्षात बसेपर्यंत तिने ते वाक्य मनात इतक्यांदा म्हटलं की ते पाठ झालं होतं. आज बोलायचंच.

दवाखान्यातल्या खाटेवर जया भिंतीला टेकून बसली होती. पोराचं पोट तिच्या पोटाला, तोंड मोठं उघडलेलं, प्रत्येक घोटाचा आवाज येत होता. शेजारच्या स्टुलावर तीन वर्षांची सृष्टी काड्यांसारखे पाय हलवत होती. आक्काबाई बघत राहिली. इतक्या आयांना शिकवलं, पण आपल्या लेकीला पाजताना ती पहिल्यांदा बघत होती. तिने तोंड उघडलं.

"खरवस आनलाय," ती म्हणाली. "थोडा खा."

जयाने डब्याकडे पाहिलं.

"मी खरवस का खात न्हाई, ते तू कदी इचारलं न्हाईस."

"मला वाटलं, आवड गेली आसंल."

"सृष्टीच्या येळंला तिसऱ्या दिवशी गाय व्याली हुती. मी खिडकीत हुते. वासरू उटत न्हवतं, तर तू त्याला मांडीवर घेतलंस. 'पी माज्या राजा' म्हनून पाजलंस. सृष्टी माज्या कुशीत रडून रडून गप झाली हुती. मग सांजच्याला तू मला ताटलीत खरवस आनून दिलास."

आक्काबाईने हातातला डबा खाली ठेवला.

"चुकलं माजं, जया. तुज्या अंगात दूध हुतं. मीच ते मातीत घातलं."

"मला म्हाईत हाय. मेहरीनताईंनी सांगितलं, तू साऱ्या गावाला सांगत फिरतीस म्हनून." जयाचा आवाज चढला नाही. "तुजा फोन आला की वाटायचं, आज मला सांगशील. मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. माज्या सासूला येकदा सांगायचंस. त्यांनी जाताना बी नर्सला हेच सांगितलं, सून चांगली हाय, पन अंगात दूध न्हाई."

आक्काबाईला वाटलं, दगडाबाईंच्या दारात जाऊन उभं राहावं, हात जोडावेत, सगळं सांगावं. पण तिथे आता ऐकायला कुणी नव्हतं.

डब्याचं झाकण पडल्याचा आवाज झाला. सृष्टी स्टुलावरून उतरली होती. तिने एक वडी तोंडात घातली होती आणि दुसरी हातात होती.

"आजी, हे कशाचं?"

आक्काबाईने जयाकडे पाहिलं.

"सांग तिला," जया म्हणाली.

आक्काबाईने नातीला मांडीवर घेतलं. काही बसल्यासारखं वाटलंच नाही, इतकी पोर हलकी.

"गाईचं पैलं दूध हाय, बाळा. ज्याचं त्याला आदी पाजायचं आसतं. गाईच्या वासराला मी पाजलं. तुजं तुला पाजू दिलं न्हाई."

सृष्टीला त्यातलं काही कळलं नाही. तिने शहाण्यासारखी मान डोलावली आणि हातातली दुसरी वडी खाल्ली.