शिष्यवृत्ती बघायला आलेलं स्थळ

शहात्तरच्या उन्हाळ्यात सक्करदऱ्याला मुलासाठी मला पाहायला आलेल्या रुपरावांनी स्वयंपाकाचं काही विचारलंच नाही. त्यांना काळजी माझ्या इतिहासातल्या पीएचडीची.

“स्कॉलरशिप महिन्याच्या महिन्याले येते ना वं?”

“येते. प्रबंध झाला की बंद.”

“मंग घाई काहून करून राहिली? लग्नानंतर आरामानं लिही.”

माझे बापूजी हरखले. सुनेला शिकू देणारा सासरा! मला मात्र शंका आली. पोह्यांवर तुटून पडलेल्या त्यांच्या मुलाकडे बघून मी विचारलं, “हे काय करतात?”

“तत्त्वज्ञानात पीएचडी. त्याची स्कॉलरशिप संपली, म्हणून तर पोरगी पाहून राहिलो.”

मी त्या तत्त्वज्ञापुढची बशी उचलली. “मंग आता ही बी बंद.”