दोन नटांवरची रेघ

उदारामच्या गॅरेजात एक नियम होता. नट पान्याने शेवटचा आवळला की जोडावर नेलपॉलिशची आडवी लाल रेघ ओढायची. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली, तर नट सैल झाला समजायचं. नेलपॉलिश बायकोचं, शामकलाचं, आणि त्यावरून पंधरा वर्षं घरात कुरकुर चालू होती.

माघातल्या त्या सकाळी सालेकशाच्या गॅरेजात दसरूची जुनी पेट्रोल जीप उभी होती. त्याला कचारगडच्या जत्रेची माणसं दरेकशाला न्यायची होती, आणि त्यांत शामकलाही होती. उदारामने पेट्रोलचा गळका रबरी पाइप काढला. तारेची जाळी चढवलेला नवा पाइप घेतला, आधी टेप गुंडाळून मगच कापला, त्यामुळे एक तारही उसवली नाही. दोन्ही टोकांचे नट त्याने हाताने बसवले, आणि तेवढ्यात शेजारच्या केशोरावांनी चहाला हाक मारली. चहाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. परतला तेव्हा जीप निघून गेली होती.

आवराआवर करताना बाकावर शामकलाच्या चार पितळी बांगड्या दिसल्या. जत्रेला निघालेली बाई मोकळ्या हाताने गेली, म्हणून त्याला हसू आलं. बांगड्या खिशात टाकल्या, आणि मग बाजूला पडलेले पाने दिसले. आपण नट आवळले होते का? काही केल्या आठवेना. गरम इंजिन, वर पेट्रोल, आणि आत दहा माणसं.

फोन लागेना, जंगलात रेंज कुठली? त्याने मोटारसायकल काढली. चढाच्या आधी दसरू नारळ फोडायला थांबायचा, तिथेच जीप सापडली.

"बॉनेट खोल," उदाराम धापा टाकत म्हणाला.

दोन्ही नटांवर लाल रेघ होती. जरा वाकडी, पण अखंड.

"रेघ कोणं मारली?"

"मीनं," शामकला म्हणाली. "तुमी चाय प्याले गेले. दसरूभाऊ घाई करून राहिले होते. नट पाह्यला तं हातानंच फिरून राहिला."

"आवळला का पयले, का नुसती रेघच मारली?"

"आवळल्यावरच मारतेत ना? पंधरा वर्सं तेच ऐकून राहिली मी."

तरी त्याने पाना लावून जोर दिला. एकही नट हलला नाही. पाइपाखाली बोट फिरवलं, तेही कोरडं निघालं. त्याचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच दगडावर बसला आणि दसरूने दिलेलं खोबरं खाल्लं.

"एक पाना धरून दुसरा फिरवा लागते," तो म्हणाला. "एकटीनं कसं केलं?"

"बांगड्या काढून. पान्यात अडकत होत्या."

त्याने खिशातून बांगड्या काढल्या आणि सगळ्यांसमोर एकेक करून तिच्या हातात चढवल्या. तिच्या नखांत ग्रीस होतं. जत्रेला निघालेली असूनही नेलपॉलिश मात्र एकाही नखाला नव्हतं.

"बाटली सरली," ती म्हणाली. "दोन नटांत."

"जत्रेतून नवी आणजो."

"दोन आणीन," शामकला जीपमध्ये चढत म्हणाली. "एक माह्या नखाले."