माझं पासिंग आणि मामाची सीट

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. छप्पर उंच, मागे सामानाला ऐसपैस जागा, रंग मूळचा निळा आणि आता जिथे जसा उरलाय तसा. रस्त्यात माझ्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. पण माझ्या पोटाखाली शिरून कुणी काय काय बघितलं, ते ऐकाल तर तुम्हीही तोंडात बोट घालाल.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका टोकाला नुसता पत्रा होता आणि दुसऱ्या टोकाला मी होते. मधे मला किती हात लागले ते मी पाहू शकले नाही, कारण दिवे अगदी शेवटी बसवले. डोळे उघडले तेव्हा समोर ताई उभी होती. तिने माझं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि म्हणाली, “आवाज छान आहे. हीच घेऊ या.”

गाडी दाराच्या आवाजावरून घेणारी माणसं तुम्ही कधी पाहिली आहेत? ताई तशी होती. पियानोचे सूर लावणं हा तिचा धंदा. शाळा, सभागृहं, लोकांचे दिवाणखाने, जिथे म्हणून पियानो बेसूर झाला असेल तिथे आम्ही दोघी हजर. ती आत जाऊन एकच पट्टी वाजवायची, कान द्यायची, तार किंचित पिळायची, पुन्हा वाजवायची. मी खिडकीखाली उभी राहून ऐकायचे. सुरुवातीला मला कंटाळा यायचा. मग हळूहळू तो स्वर जागेवर बसला की मलाही कळायला लागलं, आणि तेव्हापासून मी त्या बाईची भक्तच झाले. लोक तिला सूरवाली म्हणायचे आणि मला सूरवालीची गाडी. एवढा मान मला पुरे होता.

मग ताईला मोठं दुखणं आलं. त्यातून ती वाचली, पण कमरेखालचं बळ गेलं ते गेलंच. ती चाकांच्या खुर्चीत बसून घरी आली आणि मी तिच्या मामाच्या गॅरेजच्या मागल्या शेडमध्ये जाऊन पडले. माझ्यावर ताडपत्री आली. बॅटरी उतरली, टायर बसले, उंदरांनी सीटखाली थाटात संसार मांडला. आवाज म्हणाल तर त्यांचाच. ताईही तशीच घरात पडून होती म्हणे. पियानो काही कुणी काखोटीला मारून आणत नाही, सूर लावणारीनेच जावं लागतं, आणि तिला रोज न्यायला-आणायला कोण बसलंय? बोलावणी येत होती आणि ती नाही म्हणत होती. माझ्यापेक्षा तिचं पडून राहणं मला जास्त लागलं.

मामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ. गॅरेज त्याचंच. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण भाचीपुढे लोणी. एके दिवशी त्याने माझी ताडपत्री खसकन ओढली, उंदरांना शिव्या घातल्या आणि ताईला म्हणाला, “पाय चालत नाहीत ना? नाही तर नाही. हिचा ब्रेक मी तुझ्या हातात आणून देतो.”

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ब्रेक पायानेच दाबायचा असतो, एवढंच माझं ज्ञान. पण मामाने माझा गिअरबॉक्स काढून आपोआप गिअर पडणारा बसवला. स्टिअरिंगखालून एक लोखंडी दांडा काढला आणि तो थेट पेडलांशी जोडला. पुढे ढकलला की ब्रेक, स्वतःकडे ओढला की वेग. स्टिअरिंगवर एक गोल मूठ लावली, म्हणजे एका हाताने वळवता यावं. ताईने पहिल्यांदा तो दांडा ढकलला तेव्हा मी जागच्या जागी थांबले. इतकी वर्षं मला बुटांची सवय, आणि आता पाच बोटांनी कुणीतरी मला थांब म्हटलं होतं. मित्रांनो, माझ्या अंगावर काटा येत नाही, पत्रा आहे म्हणून. नाहीतर आला असता.

गॅरेजमागच्या अंगणात आमचा सराव सुरू झाला. कधी मामा मला चालवायचा आणि ताई खुर्चीत बसून बाहेरून बघायची. कधी मामा ताईला उचलून आत बसवायचा, स्वतः शेजारच्या सीटवर बसायचा, आणि खुर्ची गॅरेजच्या दारात आमची वाट बघत उभी राहायची. “मी आहे ना,” हे मामाचं पालुपद. दार लागेना, मी आहे ना. पट्टा सापडेना, मी आहे ना. ताई हसायची, पण कधी कधी हसायचीही नाही.

आता, ज्या गाडीत इतके फेरफार केलेत ती तशीच रस्त्यावर आणता येत नाही. तिची तपासणी होते, तिला पास करतात, मगच तिला रस्ता मिळतो. म्हणून मी एका ट्रकच्या पाठीवर बसून पासिंगला निघाले. गाडी असून दुसऱ्याच्या पाठीवर! रस्ताभर मी मान खाली घालून होते.

आणि मग ते दालन आलं. काय सांगू तुम्हाला! छत इतकं उंच की माझा हॉर्न वर जाऊन उशिरा परत आला. जमिनीत लोखंडी रोलर. मी जागची हलत नव्हते आणि तरी माझी चाकं गरागरा फिरत होती, आणि समोरच्या तबकडीवर काटे सांगत होते की डावा ब्रेक किती धरतो, उजवा किती. दोन पोलादी पाट माझ्या चाकांखाली येऊन मला असे हलवू लागले की कुठला सांधा खिळखिळा आहे ते लपवणं शक्यच नव्हतं. एका पेटीने माझ्या दिव्यांत डोळे घातले. एका नळीने माझा धूर चाखला. मग माझ्या खालची जमीन संपली. खाली खड्डा होता, त्यात दिवे होते, आणि माझ्या पोटाखालून एक बाई सरळ उभी चालत गेली. जन्मापासून जे मीसुद्धा पाहिलं नव्हतं ते ती पाहत होती.

त्या तपासणी करणाऱ्या मॅडम. हातात छोटी हातोडी. मामाच्या प्रत्येक बोल्टवर त्या टक् करून वाजवायच्या आणि कान द्यायच्या. सैल बोल्ट बद्द बोलतो, घट्ट बोल्ट खणखणीत. वर ताई खुर्चीत बसून तेच ऐकत होती. शेवटचा बोल्ट वाजला तशी ताई हळूच म्हणाली, “लागला.” मॅडमनी खड्ड्यातून वर बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. मला काय वाटलं सांगू? ही बाई आमची कुणी नव्हती. ताईला, मामाला, मला ती ओळखत नव्हती. उद्या रस्त्यावर माझ्यासमोरून जे कोण जातील त्यांनाही ओळखत नव्हती. तरी त्यांच्यासाठी ती एकेक बोल्ट ऐकत होती. माझा ऊर भरून आला.

“काम सुंदर आहे,” मॅडम वर येऊन मामाला म्हणाल्या. मामाची छाती शर्टात मावेना. “आता शेवटची चाचणी. गाडीत रोज जे जे असणार ते सगळं आत ठेवा, ताईंना चालवू द्या, आणि मी हात केला की ब्रेक.”

ताईच्या सूर लावायच्या हत्यारांच्या पिशव्या मागे ठेवल्या. मामाने ताईला उचलून बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. मॅडम तशाच उभ्या. त्या दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आणि ती?”

दारात खुर्ची उभी होती.

मित्रांनो, इतके दिवस सराव झाला, पण ती खुर्ची माझ्यात एकदाही चढली नव्हती. ताई बाहेर असायची तेव्हा ती ताईच्या खाली, आणि ताई आत असायची तेव्हा ती दारात. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याही नाही. “त्यात काय मोठंसं,” म्हणत मामाने खुर्ची घडी करून पिशव्यांवर टाकली. मी पटांगणात धावले. मॅडमनी हात वर केला. ताईने दांडा ढकलला, मी नाक खुपसून थांबले, आणि मागून खुर्ची धाडकन पुढे आली. तिचा लोखंडी पाय दांडा आणि ताईचं मनगट यांच्यामध्ये घुसला. ताईचा हात सुटला. मी पुन्हा चालू लागले, कुणीही न चालवता, थेट भिंतीकडे. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. मामाने झडप घालून हँडब्रेक ओढला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

“बघा,” मामा घाम पुसत म्हणाला, “मी आहे ना!”

मॅडमनी आधी ताईचं मनगट पाहिलं. मग त्या मामाला शांतपणे म्हणाल्या, “आज आहात. पण ही गाडी तुम्ही कुणासाठी केलीत, मामा? ताईंना एकटीला चढता आलं पाहिजे, खुर्ची एकटीला आत घेता आली पाहिजे. तुम्ही घरी असताना. नाहीतर मी पास नाही करणार.”

परत येताना ट्रकमध्ये तो एकदम उखडला, “मी काय मेलोय का? हाक मारलीस की येईनच ना मी!”

“येशील रे,” ताई म्हणाली. “म्हणूनच हाक मारायची नाहीये मला. मामा, तुझे गुडघे मला ऐकू येतात. मला उचलताना कसे वाजतात ते.”

मामाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

मग गॅरेजमध्ये खुर्चीला जागा शोधणं सुरू झालं. खुर्चीची चाकं खटका दाबला की निघायची, म्हणजे नुसता सांगाडा उरायचा. तो मागे ठेवला तर ताईचा हात पोचेना. शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावला तर पट्ट्याखालून निसटून पुन्हा दांड्यावर. तिचा हात पोचेल आणि जमीन भक्कम असेल अशी जागा माझ्यात एकच होती. मामा त्याच जागेवर बसून ती शोधत होता. त्याने सीटखालच्या जमिनीवर टाच आपटून बघितली. मग उतरला, पाना घेतला आणि शेजारच्या सीटचे बोल्ट काढायला लागला. कितीतरी दिवस ज्या सीटवर बसून तो “मी आहे ना” म्हणत होता, ती सीट त्याने स्वतःच्या हाताने उपटून बाहेर ठेवली. त्याच चार भोकांत त्याने खुर्चीसाठी लोखंडी बैठक बसवली, वर खटका लावला. दरवाजाशी एक सरकती फळी केली, तिच्यावरून ताई आपली आपण माझ्यात येऊ लागली. नाक मात्र तो सारखं ओढत होता. गॅरेजमध्ये धूळ फार, असं म्हणत होता.

पुन्हा तपासणी. यावेळी मॅडमनी चारही नवे बोल्ट वाजवले, चारही एका सुरात बोलले. मग त्यांनी मामाला जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे उभं केलं आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. ताई फळीवरून सरकून आत आली. एक चाक काढलं, आपल्या सीटमागे ठेवलं. सांगाडा अंगावरून पलीकडे नेला, खट्, बसला. फळी आत ओढायला वळली, आणि दाराला टेकवून ठेवलेलं दुसरं चाक निसटलं. ते घरंगळत पटांगण ओलांडून पार जुन्या टायरांच्या थप्पीला जाऊन टेकलं.

मामाचं पाऊल पट्ट्यावर आलं. मॅडमनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने पाऊल मागे घेतलं, आणि मित्रांनो, मी जड जड ओझी वाहिली आहेत, पण त्या पावलाइतकं जड काही पाहिलं नाही.

ताईने क्षणभर चाकाकडे बघितलं. मग फळी आत घेऊन दार लावलं, पट्टा बांधला आणि दांडा हलकेच स्वतःकडे ओढला. मी निघाले. टायरांच्या थप्पीशी तिने मला असं वळवून उभं केलं, की चाक बरोबर दाराखाली. दार उघडून तिने वाकून ते उचललं, मागे ठेवलं, आणि मॅडमसमोर येऊन थांबली. ती स्वतःच्या चाकापर्यंत गेली होती, आणि तिला नेलं होतं मी! मी थक्क झाले, तिच्यावर आणि खरं सांगायचं तर थोडी स्वतःवरही.

“आता ब्रेक,” मॅडम म्हणाल्या. मी धावले, हात वर झाला, दांडा पुढे गेला. काही म्हणजे काही हललं नाही.

त्या दिवशी आम्ही ट्रकवरून परत आलो नाही. दाखला मिळाल्यावर ताई म्हणाली, “मामा, मागे बस, पिशव्यांजवळ.” मामा म्हणाला, “नको, तू हो पुढे. मी येतो बसने.” फाटकाबाहेर मी वळले तेव्हा माझ्या आरशात तो हात हलवत उभा होता. ताईही त्या आरशात बघत होती, तो दिसेनासा होईपर्यंत.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी तपासणीला नेतील तेव्हा कुरकुर करू नका. तुमची नावंगावंही माहीत नसलेलं एक माणूस तिच्या पोटाखाली शिरतं, ते तुम्ही घरी परत यावं म्हणून. आणि कुणासाठी काही बनवाल तेव्हा जरा पिवळ्या पट्ट्यापलीकडे जाऊन उभं राहून बघा. मामाने तसं केलं, म्हणून आज मी पुन्हा खिडकीखाली उभी राहून ताईचे सूर ऐकते आहे.

माझी ती सीट आता गॅरेजच्या दारात ठेवली आहे. मामा संध्याकाळी तिच्यावर बसून चहा पितो. आम्ही तिथून जाताना ताई हॉर्न वाजवते, आणि तो कपातून नजर न काढता, आवाजावरूनच, हात हलवतो.