डॉक्टरांसमोर मास्तर

माणसाचं भविष्य त्याच्या स्वतःच्या हातात असतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. मास्तरांचा हात कंपवाताने थरथरायचा, त्यामुळे त्यांचं भविष्य बायकोच्या पर्समध्ये, गोळ्यांच्या डबीत असे.

जन्मभर लोकांचे शर्ट शिवलेल्या या शिंप्याला दुपार कलली की स्वतःचं बटण लागत नसे. पाय जमिनीला चिकटत. दुपारची गोळी संध्याकाळपर्यंत पुरावी, एवढंच त्यांचं मागणं. पण डॉक्टरांना पटणार कसं? दवाखान्यात मास्तर नवरदेवासारखे ताठ चालत. "उत्तम!" म्हणून डॉक्टर तीच चिठ्ठी पुन्हा लिहून देत.

शेवटी डॉक्टरांनाच शंका आली. "पुढच्या वेळी दुपारची गोळी न घेता या. मला खरे मास्तर बघू द्या."

त्याप्रमाणे आज मास्तर गाडीतून पोत्यासारखे उतरले. बाकावर हात असा हलायला लागला की शेजारचे गृहस्थ सरकून बसले. मास्तर खूश. "आज बघच, कसा दाखवतो डॉक्टरला!"

तेवढ्यात गुडघा दाखवायला विहीणबाई आल्या. बायकोने त्यांना दारात पाहिलं मात्र, पर्स उघडली, गोळी मास्तरांच्या तोंडात घातली आणि वर पाणी ओतलं. मास्तरांना ठसका लागला, पण गोळी गेली ती गेलीच. विहीणबाईंचं गुडघेपुराण संपेपर्यंत गोळीने आपलं काम चोख बजावलं.

आत मास्तर झपाझप चालून दाखवते झाले.

"गोळीशिवाय एवढं? मग अर्धी कमीच करू या."

"कमी काय करताय!" मास्तर कडाडले. "हिने भरवली! विहिणीला बघून!"

"मग काय, त्यांच्यासमोर लाळ गाळत बसू देऊ? पोरगी त्यांच्या घरात दिलीय!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि याआधी?"

"दर वेळी देऊनच आणते. नाहीतर तुम्हीच म्हणाल, बाईला नवरा सांभाळता येत नाही."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बाहेर बसा. गोळीचा असर उतरला की बोलावतो. आणि बाई, ती पर्स इथे ठेवा."

दवाखाना रिकामा होत आला तेव्हा पुन्हा हाक आली. मास्तर उठले, सरकत सरकत दारापर्यंत आले आणि बरोबर उंबऱ्यावर खिळले.

"वा!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "हलू नका!"

"हलतोय कोण!"

डॉक्टर जवळ येऊन पाय बघू लागले, हात बघू लागले. दुपारची गोळी थोडी लवकर घ्यायची, मध्ये आणखी एक लहान द्यायची, आठवड्याने पुन्हा बघायचं. औषध असं अंगाच्या मापाने बेतावं लागतं, हेही त्यांनी सविस्तर सांगितलं. बायको पदराने डोळे टिपत ऐकत होती.

"समजलं ना, मास्तर?"

"समजलं. फक्त तुमचा बूट जरा माझ्या पायापुढे आडवा ठेवा. ओलांडायला काही असलं की पाय उचलतो."