पाचवं भोक

धाकटीने आयुष्यात शंभरेक बंद पेट्रोल पंपांची माती हुंगली होती. कामच तसं होतं तिचं. पंप बंद पडला, जमिनीतल्या टाक्या काढून नेल्या, की मागे माती आणि पाणी कितपत खराब झालंय ते बघायला हिचं ऑफिस हिला पाठवायचं. जागेवर चिखलात उभं राहायचं, बोअरमशीनने काढलेली माती बरण्यांत भरायची, वर चिठ्ठ्या चिकटवायच्या. त्यामुळे त्या मंगळवारी ती निवांत होती. बारा वर्षांपूर्वी बंद झालेला पंप, कागदोपत्री तीन टाक्या, तिन्ही काढलेल्या. आता तिथे दवाखाना बांधायचा होता.

उताराकडची चार भोकं सकाळीच उरकली. जरासा वास, बाकी काही नाही. पाचवं भोक चढावर, मागच्या भिंतीला लागून घ्यायचं होतं. ते नुसतं तुलनेसाठी. तिथली माती स्वच्छच निघणार, असं धरूनच चाललेलं.

तीन मीटरवर माती काळीनिळी निघाली. मशीन चालवणाऱ्या मामांनी नाकाला रुमाल लावला. धाकटीने पेट्रोलची वाफ मोजणारा मीटर मातीजवळ नेला आणि आकडा असा काही चढला, की तिने मीटर मोकळ्या हवेत धरून पाहिला. शून्य. पुन्हा मातीजवळ. पुन्हा तोच आकडा.

"मीटर बिघडला का हो?" मामांनी विचारलं.

"नाही."

तिने काचेसारखं नळकांडं दोरीने भोकात सोडलं आणि वर ओढलं. खाली पाणी आणि वर चांगला चार बोटं जाडीचा पिवळसर थर. निव्वळ पेट्रोल. तिने वळून भिंतीकडे पाहिलं.

कारण भिंतीपलीकडे चाळीस पावलांवर तिच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. त्या गल्लीत पालिकेचा नळ नव्हता, घरोघरी बोअर. दोन वर्षांपूर्वी घर घेताना थोरलीने हिलाच विचारलं होतं, "शेजारी जुना पंप आहे गं. पाण्याचं काय?" आणि हिने ऑफिसातली जुनी मापं बघून छातीठोकपणे सांगितलं होतं, "जमिनीतलं पाणी उताराकडे जातं. तुझं घर चढावर. बिनधास्त घे."

मापं तेव्हा खरी होती. पण वर्षभरापूर्वी गल्लीच्या मागे मोठी इमारत उभी राहिली. तिचं तळघर कोरडं राहावं म्हणून मोटर लावून रात्रंदिवस पाणी उपसत होते. जमिनीतलं पाणी तिकडे ओढलं गेलं, दिशाच उलटली होती. हे सगळं धाकटीच्या डोक्यात त्या भिंतीपाशी, एका क्षणात जुळलं.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "लॅबचा अहवाल येईपर्यंत कुणाला बोलू नकोस. उगाच घबराट होईल."

"माझी बहीण राहते तिथे," ती म्हणाली आणि फोन ठेवून निघाली.

थोरली ओट्यापाशी तांदूळ धूत होती. धाकटीने आत येताच नळ बंद केला आणि तांदळाचं पातेलं उचलून बाजूला ठेवलं.

"अगं, काय झालं? अंगात आलंय का?"

"हे पाणी पिऊ नकोस. अंघोळही नको. कुणीच नको."

थोरली हळू आवाजात म्हणाली, "महिनाभर वास येतोय. गरम पाण्याने अंघोळ केली, की ह्यांचं डोकं धरतं."

"महिनाभर? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला काय सांगायचं? तूच म्हणाली होतीस ना, पाणी चांगलं आहे म्हणून."

धाकटीने तपासणीसाठी नळाखाली बाटली भरली. थोरली तिचा चेहरा बघत होती. बाटलीचं झाकण लागलं तशी ती म्हणाली, "धाकटे, पोरगी रोज हेच पाणी पितेय गं."

गल्लीत अकरा घरं होती. धाकटीने सगळी दारं वाजवली. कुणी घाबरलं, कुणी दार लावून घेतलं. शेवटच्या घरात पंपावरचे जुने मेकॅनिक निघाले. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे चौथी फुटली वाटतं."

"चौथी कुठली?"

"पंपामागच्या शेडखालची. पहिल्या मालकाची. गळायला लागली म्हणून वरून काँक्रीट ओतलं. मला वाटलं, तुम्हा लोकांना ठाऊक असेल."

ते सहज बोलले होते. धाकटीने त्यांच्या दारातूनच साहेबांना पुन्हा फोन लावला.

अहवाल आला. अकरांपैकी सात घरांच्या पाण्यात पेट्रोल होतं आणि सगळ्यात जास्त थोरलीच्या. बोअरना कुलपं लागली, पाण्याचे टँकर आले. थोरलीच्या घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "आज तरी काही दिसत नाही. पण दर सहा महिन्यांनी तपासायचं." त्या 'आज तरी'ने थोरलीची झोप उडाली. तीन आठवडे तिने धाकटीचा फोन उचलला नाही.

शेड पाडून टाकी वर काढली त्या दिवशी अख्खी गल्ली जमली. क्रेनला लटकलेल्या टाकीचं बूड गंजून चाळणी झालं होतं. गर्दीतून थोरली येऊन धाकटीशेजारी उभी राहिली.

"साफ व्हायला किती दिवस?"

"दिवस नाही. वर्षं. सात-आठ तरी."

"आणि माझ्या पोरीचं?"

"मला नाही माहीत, ताई."

थोरलीने मान हलवली. "बरं केलंस, खोटा धीर दिला नाहीस," ती म्हणाली आणि टाकी ट्रकवर चढेपर्यंत तिथेच उभी राहिली.