पंधरापर्यंत मोजायचं

मी एक जुना स्प्लायसर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. तुटलेली फिल्म जोडण्याचे मी एक छोटे यंत्र आहे, जेमतेम वहीएवढे. सिनेमा जेव्हा लांबच लांब पट्टीवर छापलेला असे, तेव्हा ती पट्टी धावता धावता कधीतरी तुटायचीच. मग सगळ्यांना माझी आठवण व्हायची.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे तराजू आणि शिलाई यंत्रांचे भागही बनत. माझे अंग ओतीव लोखंडाचे. पाठीवर बारीक खुंट्यांची रांग. फिल्मच्या कडेची भोके तिच्यात अडकवायची. एक पाते कापायला, एक खरवडायला आणि वरून दाबायला झाकण. मला तपासणाऱ्या कारागिराने झाकण दोनदा उघडून मिटले आणि तो म्हणाला, "तोंड छान मिटतंय." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

पुढची तीस वर्षे मी एका चित्रपटगृहात काढली. तिथल्या ऑपरेटरांना सगळे मामा म्हणत. फिल्म तुटली की पडदा पांढराफटक व्हायचा, खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या, पाय आपटले जायचे. मामा मात्र शांत. "ओरडू दे त्यांना," ते मला म्हणायचे, "घाई केली तर पुन्हा तिथंच तुटेल." मग ते फिल्मची दोन्ही टोके सरळ कापायचे, एका टोकावरचे चित्र खरवडायचे, कुंचल्याने द्रावण लावायचे, माझे झाकण दाबून पंधरापर्यंत मोजायचे. अशा जोडात एक चित्र कायमचे जाते. सेकंदाला चोवीस चित्रे पळतात, त्यातले एक गेले तर कोणाला कळणार? मामांना कळायचे. कापण्याआधी ते फिल्मला हळूच म्हणायचे, "माफ कर हं."

मग पट्टीवरचे सिनेमे येईनासे झाले. मामा निवृत्त झाले. कोणीतरी मला उचलले आणि कार्यालयाच्या दाराला टेकण म्हणून ठेवले. अकरा वर्षे! आयुष्यभर मी तुटलेले जुळवत आलो, आणि आता माझे काम काय, तर दार आणि चौकट एकमेकांना मिळू द्यायची नाहीत. माझ्या खुंट्या गंजल्या. येणारे-जाणारे मला ठेचकाळून वर मलाच बोल लावत.

एके दिवशी एक बाई त्या दारात बुटाची नाडी बांधायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. "अरे, तू इथं काय करतोयस?" त्या चक्क माझ्याशी बोलल्या! चित्रपटांचा इतिहास शिकवणाऱ्या एका उन्हाळी शाळेत त्या शिक्षिका होत्या. मला मागून घेऊन त्यांनी जुन्या टूथब्रशने आणि तेलाने दोन दिवस घासले.

मित्रांनो, ती शाळा तीन आठवड्यांची. अकरा देशांतून विद्यार्थी आलेले. सकाळी ते सिनेमाच्या जन्माची गोष्ट ऐकत, मुके चित्र बोलू कसे लागले ते शिकत. दुपारी एका लांब खोलीत पांढरे हातमोजे घालून माझ्याभोवती जमत. सगळ्यांची सामाईक भाषा मोडकीतोडकी होती. पण बाईंनी एक सूट दिली होती. जोड सुकेपर्यंत ज्याने त्याने आपल्या भाषेत मोजावे. एकाचे पंधरा इतक्या झटकन संपायचे की बाई म्हणायच्या, "तुझ्या भाषेत वीसपर्यंत मोज बाबा."

फक्त एकजण कधीच मोजत नसे. तो होता म्हातारा घड्याळजी. चाळीस वर्षे त्याने मनगटी घड्याळे दुरुस्त केली होती. पण आता हात थरथरू लागले, म्हणून दुकान बंद केले होते. घरी तो नुसता हातांकडे बघत बसतो, हे लेकीला पाहवेना, म्हणून तिने त्याचे नाव इथे घातले होते. तो मागच्या खुर्चीत हात खिशात घालून बसे. "मी ऐकायला आलोय," एवढेच म्हणे.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी एक डबा उघडला. त्यात चार मिनिटांची एक निनावी फिल्म होती. जगात तिची तेवढीच एक प्रत. दोर वळणाऱ्या बायकांची ती फिल्म. त्यातली एक बाई कॅमेऱ्याकडे बघून हसते. हात दोरात अडकलेले, म्हणून कोपराने तोंड झाकते. शेवटच्या दिवशी ती पडद्यावर एकदाच दाखवायची, मग तिची नक्कल काढायची, असे ठरले होते.

जेवणाच्या सुट्टीत वर्गातली सर्वांत लहान मुलगी एकटीच परत आली. तिला ते हसू पुन्हा बघायचे होते. तिने फिल्म गुंडाळायच्या चाकाची मूठ जरा जोरात फिरवली आणि फिल्म टर्रकन फाटली, नेमकी त्या हसण्यात. तिने फाटकी टोके आत गुंडाळली, डबा बंद केला आणि पिशवी भरायला घेतली.

"सामान कशाला भरतेस?" दारात घड्याळजी उभा होता. त्याने सगळे पाहिले होते.

"मी घरी जाते, काका. बाईंना नाही तोंड दाखवू शकत."

"माझ्या दुकानात किती घड्याळं माझ्या हातून बिघडली, माहीत आहे? ज्यांना मी सांगितलं, ती गिऱ्हाइकं परत आली. चल, आधी सांगू."

बाईंनी ऐकले. त्यांनी डबा उघडून फाटकी टोके उजेडात धरली. मग म्हणाल्या, "जोडायला कोण बसतंय?"

"मी नाही!" मुलगी म्हणाली. "माझे हात बघा कसे कापतायत."

"माझेही," म्हणत घड्याळजीने प्रथमच हात खिशातून काढले. "पण तुझे उद्या थांबतील. बस."

त्याने डोळ्याला भिंग लावले आणि चित्रे मोजली. त्या हसण्याची एकतीस चित्रे होती. फाटलेल्या चित्रात त्या बाईचे डोळे मिटलेले होते. "हेच जाऊ दे," तो म्हणाला. "एक पापणी कमी लवेल, बाकी हसू राहील. आता ऐक, पोरी. श्वास सोडताना हात स्थिर असतो. श्वास सोड, मग पातं लाव."

तिने श्वास सोडला. पाते लागले. खरवडणे झाले, द्रावण लागले. झाकण मिटताच त्याने आपले दोन्ही थरथरते हात माझ्यावर ठेवले. "दाबायला स्थिर हात कशाला? वजन लागतं, ते माझ्याकडे भरपूर आहे!" मुलगी रडता रडता हसली. जेवून परतलेले सगळे भोवती उभे राहून आपापल्या भाषेत मोजू लागले. माझ्या लोखंडाला त्या हातांचा कंप जाणवत होता. खरे सांगतो, इतक्या प्रेमाने मला कोणीच दाबले नव्हते.

शेवटच्या दिवशी खोलीत अंधार केला. मी टेबलावर होतो, ती दोघे माझ्या शेजारी. पडद्यावर दोर वळला जाऊ लागला. ती बाई वळली, हसली, कोपर वर गेले, आणि दृश्य पुढे सरकले.

"गेला का आपला जोड?" मुलीने कुजबुजत विचारले.

"गेला केव्हाच."

"मला दिसलाच नाही, काका!"

"मग चांगला झालाय," घड्याळजी म्हणाला. अंधारात डोळे पुसायला त्याला दोन्ही हात लागले.

मित्रांनो, तुमच्या हातूनही कधी काही फाटेल, तुटेल. ते गुंडाळून डब्यात लपवू नका. कोणाला तरी सांगा. आणि ज्याचे हात थरथरतात त्याला मागच्या खुर्चीत बसवून विसरू नका. त्याला जवळ बोलवा. कुठे दाबायचे ते त्याला ठाऊक असते.