जिवनबाईचा पगार

माझी सासू जिवनबाई आमच्या लेंगी पार्टीची म्होरकी. लेंगी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांची होळीची गाणी. डफ, नगारा, थाळी वाजवायची अन् गोल धरून नाचत म्हणायची. पार्टीत दहा माणसं. कोणी ऊस तोडतं, गुलाबसिंग कपडे शिवतो, माझा नवरा देविदास जीप चालवतो. पण याडीनं सूर लावल्याबिगर एकाच्या तोंडातून शब्द निघत न्हाई. आमच्यात आईला याडी म्हणतात, सासूलाबी मी याडीच म्हणते. घरात आमी गोरमाटी बोलतो, तुमाला सांगायचं म्हणून मराठीत सांगून राह्यले.

मी पार्टीत न्हाई. माझा आवाज भांडायलाच बरा, असं देविदास म्हणतो. म्हणू द्या. पण कार्यक्रमाचा फोन माझ्याकडंच येतो, कारण बाकीच्यांना फोनवर फक्त व्हय-व्हय करता येतं.

आधी समदं रोखीत चालायचं. लग्नात वाजवलं, दोन-चार हजार घेतले, घरी आले. मागल्या वर्षी नांदेडचे व्यंकटराव भेटले. कॉलेजाचं गॅदरिंग, मोठ्या लोकांची लग्नं, असे कार्यक्रम ठरवून द्यायचा त्यांचा धंदा. एका कार्यक्रमाचे बत्तीस हजार देतो म्हणले. माझ्या हातातून फोन पडायचा राह्यला.

“पण मिनाताई, पैसे खात्यात येतील,” ते म्हणले, “अन् दहा टक्के कर कापून येतील. पार्टीच्या प्रमुखाचं पॅन कार्ड अन् पासबुक पाठवा.”

आता प्रमुख कोण, हे काय विचारायचं काम हाय? आमच्या तांड्याचे पुढारी भावसिंग नायक म्हणले, “मान जिवनबाईचा, तर नाव बी जिवनबाईचंच.” समद्यांनी माना डोलावल्या. याडीचं पॅन कार्ड काढलं. खातं तर तिचं एकच, ज्यात तिचा पगार येतो ते. तेच दिलं पाठवून.

पगार म्हणजे नोकरीचा न्हवं. म्हाताऱ्या-निराधार माणसांना सरकार महिन्याला पंधराशे देतं, त्याला आमच्याकडं पगारच म्हणतात. त्यासाठी दरसाल उत्पन्नाचा दाखला लागतो, एकवीस हजाराच्या आतला. तिचं रेशन कार्ड येगळं, उत्पन्न येगळं, आजवर कधी तकलीफ झाली न्हाई.

यंदा दाखल्याला गेलो तर तलाठीसाहेबांनी पासबुक उघडलं अन् आकड्यांवर बोट ठेवलं.

“आजी, हे काय? वर्षात दीड लाखाच्या जवळ जमा?”

“गाण्याचे हायत,” याडी म्हणली. वरून हसली. तिला वाटलं, साहेब कौतुक करून राह्यले.

“मग मी एकवीस हजाराच्या आत कसं लिहू? उद्या माझीच चौकशी लागंल.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणलं, “साहेब, ते पैसे हिचे न्हाईत, पार्टीचे हायत. दहा जणात वाटले.”

“वाटल्याचा कागद?”

कागद कुठून आणू, माझं कपाळ! आमच्या वाजवणाऱ्यांची रीतच तशी हाय. कमाईचा पैसा न वाटता तांड्यात न्यायचा न्हाई. घरं दिसायच्या आधी, रस्त्याच्या कडंला बसून वाटा करायचा, अन् कोणाला किती मिळाले हा आकडा तांड्यात काढायचा न्हाई. पैसा बँकेत यायला लागला तरी रीत सुटली न्हाई. याडी आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बँकेतून सगळे काढायची, फाट्यावरच्या चहाच्या टपरीमागं दहा जण बसायचे अन् वाटे व्हायचे. लिहिलं कोणी? कोणीच न्हाई.

साहेब वाईट माणूस न्हवता. “कागद आणा, मी लगेच लिहितो,” म्हणला. पण दाखला काही मिळाला न्हाई, अन् पगार थांबला.

एक महिना गेला, दुसरा गेला. याडीनं गाणं बंद केलं. व्यंकटरावांचा फोन आला तर म्हणली, “सांग त्यांना, जिवनबाईला बरं न्हाई.” बरं न्हाई कुठलं! दारात बसून राहायची नुसती. जेवायला बोलावलं तर यायची, पण मीठ कमी हाय का जास्त, काही बोलायची न्हाई. ज्या बाईनं बारा वर्षं माझ्या भाजीला नावं ठेवली, ती गप जेवून उठली की मी भाजी पुन्यांदा चाखून पाहायची.

मी म्हणलं, “याडी, पंधराशेच ना? मी देत जाते तुला महिन्याला.”

तिनं माझ्याकडं पाह्यलं. रागानं न्हाई. “तू देशील गं लेकी. पण मला मागावं लागंल.”

पार्टीचा वाटा देविदास दोघांचा मिळून घरात द्यायचा, तो पिठामिठात जायचा. पोरानं दिलेलं पोराचं, सुनंनं दिलेलं सुनंचं. ते पंधराशे तेवढे तिचे व्हते. नवरा गेल्यापासून तिच्या नावानं येणारी तेवढीच गोष्ट व्हती. ती आमी समद्यांनी मिळून, मान देऊन देऊन, घालवली व्हती.

दुसऱ्या दिवशी जीप धरली अन् हिंगोलीला गेले. तिथं संध्या म्याडम कराचं काम पाहतात. वय माझ्याएवढंच, बोलायला सरळ. मी बसल्या बसल्या समदं ओकून टाकलं, तलाठ्याला, सरकारला, व्यंकटरावांना शिव्या घालत.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणल्या, “मिनाताई, चूक त्यांच्यापैकी कोणाचीच नाही. तुमची आहे. दहा जणांची कमाई तुम्ही एका आजीच्या नावावर घातली. सरकारच्या हिशोबानं ती सगळी आजींचीच झाली.”

“मान दिला हो म्याडम आमी!”

“मान गाण्यात द्या. पॅन कार्ड पार्टीचं काढा.”

मला ठाऊकच न्हवतं की पार्टीचं पॅन कार्ड निघतं. निघतं म्हणल्या. दहा जणांनी एक करारनामा करायचा, त्यावर पार्टीचं कार्ड, कार्डावर पार्टीचं खातं. कार्यक्रमाचा पैसा त्यात यायचा, तिथून ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या खात्यात जायचा. व्यंकटरावांना त्या स्वतः फोन करणार व्हत्या. कापलेला कर याडीच्या नावावर दाखवलाय, तो दुरुस्त करून पार्टीच्या नावावर घ्यायचा. पार्टीचं विवरणपत्र भरलं की कापलेले सोळा हजार बी परत येतील, कारण एवढ्या कमाईवर कर बसतच न्हाई.

“परत येतील?” मी दोनदा विचारलं. कापलेलं परत येतं हे मी जन्मात ऐकलं न्हवतं.

“येतील. पण आजींच्या दाखल्यासाठी आधी एक करा. प्रत्येकानं लिहून सही करायची, की मला वर्षात इतके मिळाले. दहाच्या दहा सह्या. त्याशिवाय तलाठी काय करणार?”

मी उड्या मारत आले. सह्या काय, आत्ता व्हतील! खाताना समद्यांनी खाल्ले व्हते की.

नायकाच्या दारातल्या लिंबाखाली पार्टी गोळा केली. याडी एका बाजूला बसली, पदर डोक्यावर. मी समजावून सांगितलं अन् पेन पुढं केला. अन् काय सांगू तुमाला, दहापैकी एकाचा हात पुढं येईना! गुलाबसिंग म्हणला, त्याचं रेशन कटंल. दुसरा म्हणला, घरी कराची नोटीस येईल. थावरा, आमचा नगारावाला, तो तर उठूनच उभा राह्यला. “मी अंगठा बी देत न्हाई अन् सही बी देत न्हाई. मला काहीच आठवत न्हाई.”

“आठवत न्हाई?” माझा पारा चढला. “टपरीमागं बसून नोटा मोजताना बराबर आठवत व्हतं! म्हातारीच्या सुरावर पोटं भरली, अन् आता तिचा पगार जाऊन राह्यला तर मूग गिळून बसले? लाज वाटती का न्हाई?”

“मिना,” देविदास हळूच म्हणला, “सबुरीनं घे.”

“तू गप बस.”

मी संध्या म्याडमला फोन लावला अन् आवाज मोठा करून बाजंवर ठेवला. नायकानं लोकांना गप केलं. आमच्या आरडाओरड्यानं तवर बाया बी जमल्या व्हत्या, थावराची बायको झमकी डोक्यावरची घागर घेऊन तशीच उभी.

“ऐका,” म्याडम फोनमधून बोलल्या, “पाच कार्यक्रम झाले. कर कापून एक लाख चव्वेचाळीस हजार आले. त्यातून जीप, डिझेल, जेवण गेलं बावीस-तेवीस हजार. राहिलेले दहा जणांत. म्हणजे प्रत्येकाला वर्षाचे बारा हजार. बारा हजारांवर कोणालाही कर बसत नाही, नोटीस येत नाही. लिहिलं नाही तर मात्र सगळे आजींच्या नावावर बसतात.”

मग झमकीनं घागर खाली ठेवली.

“किती म्हणल्या बाई त्या?”

थावरा खाली वाकून आपली चप्पल शोधायला लागला.

“बारा हजार? एका कार्यक्रमाचे चोवीसशे?” झमकी पुढं आली. “अन् मला बाराशे म्हणून सांगितलं का रं भाड्या? डिझेल महाग झालं म्हणला मला! ते डिझेल तूच पिऊन राह्यला का?”

थावरा लिंबाच्या बुंध्यामागं सरकला. बाया हसायल्या. अन् मला एकदम उजेड पडला की रेशन न्हाई, नोटीस न्हाई, हे समदे गडी काहून अडून बसले व्हते. मी देविदासकडं पाह्यलं. तो आभाळाकडं पाहून राह्यला व्हता.

“आमच्या घरी बी दोघांचे मिळून चोवीसशेच येतात,” मी म्हणलं.

“घरी बोलू,” तो म्हणला. त्याचे कान लाल झाले व्हते.

याडी समदं जाणून व्हती. रीत म्हणून आकडा काढला न्हाई तिनं, पगार गेला तरी न्हाई. आता तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडून राह्यली. जवळ गेले तर खांदे गदागदा हलत व्हते. हसत व्हती! दोन महिन्यांत पहिल्यांदा.

“आता काय राह्यलं लपवायला!” थावरा बुंध्यामागून बाहेर आला. “आण इकडं तो पेन.” पहिली सही त्याची. त्याच्यामागं गुलाबसिंगाची, अन् मग समद्यांची. देविदासनं सही केली ती माझ्याकडं न पाहता. नायकानं शेवटी आपलं पत्र जोडलं की वाटे व्हतात हे तांड्याला ठाऊक हाय.

त्या सायंकाळी तांड्यात बऱ्याच घरांतून भांड्यांचे आवाज आले. आमच्या बी.

तलाठीसाहेबांनी कागद वाचले, पैसे पार्टीला दिले असं व्यंकटरावांनी लिहून दिलेलं पत्र पाह्यलं, सह्यांवरून बोट फिरवलं. “म्हणजे आजींच्या वाट्याला बारा हजार. एकवीसच्या आत. मग अडचणच काय व्हती?” असं म्हणून त्यांनी अहवाल लिहिला. माझा जीव भांड्यात पडला. त्या खुर्चीतल्या माणसाच्या पाया पडावं वाटलं, ज्याला मी घरी रोज शिव्या घालत व्हते. दाखला निघाला, तो तहसीलला दिला अन् वाट पाहत बसलो.

मधल्या दिवसांत पार्टीचं कार्ड करायचं व्हतं. फॉर्मात नाव विचारलं. पार्टीला नावच न्हवतं, लोक जिवनबाईची पार्टी म्हणायचे. भावसिंग नायक म्हणले, “मग तेच घाला. जिवनबाई लेंगी मंडळ.”

याडी ताडकन उठली. “माझं नाव घातलं तर याद राखा! पुन्यांदा पगार बंद करायचा हाय का माझा?”

म्याडमनं फोनवर किती समजावलं, नावानं काही व्हत न्हाई म्हणून. ऐकंल तर शपथ. शेवटी तांड्याचं नाव घातलं. कापलेले सोळा हजार पुढं पार्टीच्या खात्यात आले अन् त्याचे नवे डफ घ्यायचं ठरलं, यावेळी समद्या बाया बसलेल्या असताना.

अन् एका सोमवारी दुपारी फोन वाजला. मेसेज. तीन महिन्यांचे एकदम आले व्हते. मी ओरडतच बाहेर गेले, “याडी, पगार आला! पगार आला तुझा!”

ती उठली. आत गेली, चांगलं लुगडं नेसून आली, पासबुक कमरेला खोचलं.

“थांब, मी येते संगं,” मी म्हणलं.

“काहून? मला रस्ता ठाऊक हाय.”

गेली एकटीच, गोरेगावच्या जीपमधी पुढं बसून. माझा जीव लागंना. तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. उन्हं उतरली तवा ती आली, चालत, सावकाश, तोंडात पान. हातात पिशवी न्हाई, काही न्हाई.

“किती काढले?” मी विचारलं.

“काढले.”

“अन् केलं काय त्यांचं?”

ती पायऱ्या चढता चढता थांबली, अन् दोन महिने गपगार बसलेली ती बाई माझ्याकडं अशी पाहून राह्यली जशी माझ्या भाजीकडं पाहायची.

“तुला काहून सांगू? पगार माझा हाय का तुझा?”

मी चुलीपाशी जाऊन बसले अन् पदरात तोंड घालून हसले, रडले, दोन्ही केलं. मग भाजीत मीठ जरा कमीच टाकलं.